तळमजल्याचं चेंबर

दुसऱ्यांच्या गटारात डोकं घालून उभं राहणं हेच माझं काम, त्यामुळे मला सहसा कुणाची किळस येत नाही. एका माणसाची येते. घरात आम्ही त्याला झिरो म्हणतो. का म्हणतो ते सांगते, पण आधी माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

साथ आली तेव्हा आरोग्य खात्याने माझ्या गळ्यात सांडपाण्याची तपासणी बांधली. लागण झालेल्या माणसाच्या पोटातूनही विषाणू बाहेर पडतो, कधीकधी ताप यायच्या आधीपासून. त्यामुळे गल्लीच्या मॅनहोलमधून बाटलीभर पाणी काढायचं, बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत न्यायचं, की त्या गल्लीत रोग शिरलाय का नाही ते समजतं. कुणाची बेल वाजवायला नको, कुणाच्या नाकात काडी घालायला नको. बेल वाजवली की लोक खोटं बोलतात. 'आमच्याकडे सगळे ठणठणीत' म्हणतात आणि आतल्या खोलीत कुणीतरी उशीत तोंड खुपसून खोकत असतं. संडासात मात्र कुणी खोटं बोलत नाही.

लोक सकाळी उठतात ती आमची वेळ. माझ्याबरोबर झाकणकाका असतात. पहारीने झाकण उचलायचं काम त्यांचं, दोरीने बाटली सोडायचं माझं. काका निवृत्तीला टेकलेत आणि त्यांच्या जिभेला हाड नाही. "लोक उठून देवाचं तोंड बघतात, मॅडम," असं रोज पहिलं झाकण उघडताना म्हणतात, "आपल्या नशिबी हे." मी रोज हसते. न हसून सांगते कुणाला.

आता धाकटी. माझी सख्खी बहीण, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. तान्ह्या बाळाच्या हातावर शीर सापडत नसली की डॉक्टर स्वतः बाजूला व्हायचे आणि तिला हाक मारायचे. ती बाळाशी काहीबाही बडबडत राहायची आणि बाळाने रडायला तोंड उघडेपर्यंत सुई आत गेलेली असायची. स्वतःच्या कमाईतून तिने एका इमारतीत तळमजल्यावर घर घेतलं होतं. एकटीच राहायची. मालकीण मीच आणि मोलकरीणही मीच, असं सांगायची आणि खुशीत असायची.

त्या इमारतीचा सेक्रेटरी म्हणजे झिरो. साथ सुरू झाली तशी त्याने गेटवर फळा लावला: 'आमच्या इमारतीतील रुग्णसंख्या', आणि पुढे भलंमोठं शून्य. ते शून्य तो रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचा आणि खडूने नव्याने काढायचा, जसं काही ते अंडं त्यानेच घातलंय. शेजारच्या इमारतींतले लोक येऊन फळा बघून जायचे. मग त्याने नियम काढला. बाहेरून येईल त्याच्यावर ब्लीचिंगच्या पाण्याचा फवारा मारायचा, आपला असो की परका. वॉचमन बिचारा पायांवर मारल्यासारखं करायचा आणि सोडून द्यायचा.

त्या दिवशी धाकटी ड्युटी करून आली. वॉचमनने नेहमीसारखे पाय भिजवले. झिरो खाली उभाच होता. त्याने वॉचमनच्या हातातून पंपाची नळी ओढून घेतली. "ही कुठून येते माहीत आहे ना? हिला असं मारायचं असतं," म्हणाला आणि सरळ तोंडावर फवारा धरला. धाकटी ओरडली, "काका, डोळे." हा म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा." पाण्यात पावडर किती घातली होती ते देव जाणे, मोजून घालायची अक्कल कुणाला होती. आणि वरच्या सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. डॉक्टर-नर्सांसाठी टाळ्या वाजवायला बाहेर येणारी हीच माणसं. एकाने तोंड उघडलं नाही, सगळे मूग गिळून खाली बघत उभे होते.

डावा डोळा वाचला. उजव्याचं बुबुळ भाजलं. वाफ धरलेल्या काचेतून दिसतं तसं त्या डोळ्याने दिसतं, आणि ते तसंच राहणार असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांनी झिरोचा फोन आला, तुमचं घर निर्जंतुक करायचंय, किल्ली पाठवा. डोळ्यावर पट्टी असताना तिने किल्ली पाठवली आणि माझ्याकडे राहायला आली. किल्ली परत मिळाली नाही. 'साथ ओसरेपर्यंत येऊ नका, सगळ्यांचं तसं मत आहे,' असा निरोप मात्र आला. आम्ही पोलिसांत तक्रार केली. या धामधुमीत बघू म्हणाले, आणि बघतच राहिले.

आता तिला शीर सापडत नाही. एका डोळ्याने सुईचं अंतर कळत नाही. एकदा एका बाळाला दोनदा टोचावं लागलं, त्या दिवशी तिने आपणहून वॉर्ड सोडला आणि रुग्णवाहिकेवर काम मागून घेतलं. घरी येऊन ती याबद्दल चकार शब्द बोलत नाही. तिच्या वाटचं मीच बोलते. भांडी घासताना बोलते, झोपेतही बोलते म्हणे. मी एवढं ठरवून ठेवलं होतं, की त्याच गेटवर, त्याच पंपासमोर, त्या भरलेल्या गॅलऱ्यांच्या देखत हा माणूस हात जोडताना मला बघायचा आहे. त्याच्याशिवाय माझा जीव शांत व्हायचा नव्हता.

आणि एका सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. त्या गल्लीच्या पाण्यात विषाणू निघाला होता. गल्लीतल्या बाकी इमारतींमध्ये रुग्ण नोंदलेले होते, पण पाण्यातलं प्रमाण त्यांच्या मानाने फारच जास्त होतं. शून्यवाल्या इमारतीच्या तोंडाशी वेगळी बाटली सोडली. तिच्यातही विषाणू.

मला नाचावंसं वाटलं. फळ्यावर शून्य आणि गटारात पुरावा. मी मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते याच्याच घरात मुरत असणार. साहेबांकडून आत शिरायची परवानगी काढली आणि झाकणकाकांना घेऊन गेटवर हजर झाले.

झिरो समोर आला. मी त्याला पहिल्यांदाच जवळून बघत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मला तो ओळखत नव्हता, शिवाय माझ्या तोंडावर मास्क. "आत यायचं तर फवारा घ्यावा लागेल," म्हणाला.

"माणसावर फवारा मारायचा नाही, असा खात्याचा आदेश आहे," मी म्हटलं. "मी स्वतः आठवडाभर हेच शिकवत फिरते. त्याने विषाणू मरत नाही, माणूस भाजतो."

"तो तुमच्या ऑफिसचा आदेश झाला, मॅडम. इथे इमारतीचा नियम. नियम सगळ्यांना सारखा."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी परवानगीचा कागद पुढे धरला आणि पोलिसांना बोलवू का विचारलं, तसा तो बाजूला झाला. जाताजाता वॉचमनने आमच्या बुटांवर दोन थेंब उडवले आणि खाली मान घातली.

उंच इमारतीत एकावर एक घरांचे संडास एकाच उभ्या पाइपाला जोडलेले असतात आणि प्रत्येक पाइपाच्या पायथ्याशी एक चेंबर असतं. म्हणजे कुठल्या रांगेतल्या घरांतून रोग येतोय ते खालूनच शोधता येतं. मी पहिली बाटली सोडली ती झिरोच्या रांगेत. मग बाकीच्या. दुसऱ्या दिवशी निकाल आला. झिरोची रांग स्वच्छ होती.

मी दात-ओठ खात बसले. बाकीचे निकाल वाचले, तर सगळ्याच रांगा स्वच्छ. आणि इमारतीच्या तोंडाशी पुन्हा घेतलेली बाटली मात्र पहिल्यापेक्षा वाईट. वरून काही येत नाही आणि खाली मात्र साचतंय, हे कसं शक्य आहे? प्रयोगशाळेतल्या पोरींना मी फोनवर नाही नाही ते बोलले. त्या म्हणाल्या, ताई, आमचं बरोबर आहे, तुमचंच काहीतरी घोडं पेंड खातंय.

"एखादं झाकण राहिलं असेल, मॅडम," झाकणकाका म्हणाले.

"सगळी उघडली ना आपण."

"तळमजल्याचं नाही उघडलं."

तळमजल्याच्या घराला स्वतंत्र चेंबर असतं. वरच्या मजल्यांचा मैला तुंबला तर खालच्याच्या घरात उलटू नये, म्हणून त्याची लाइन वेगळी काढतात. आणि त्या इमारतीत तळमजल्यावर एकच घर होतं, बाकी गाड्यांची जागा. ते घर धाकटीचं. त्याला कुलूप. बंद घराचं चेंबर आम्ही कधीच उघडत नाही. पाणीच नसेल तर बाटली बुडवायची कशात? या धंद्यातला कुणीही ते झाकण ओलांडून पुढे गेला असता.

दुसऱ्या सकाळी गेलो. काकांनी पहार घातली. झाकण सरकलं आणि आम्ही दोघं वाकलो. खाली पाणी वाहत होतं. साबणाचा फेस होता, आणि थंड सकाळी त्यातून वाफ येत होती.

"घरात कुणीतरी अंघोळ करतंय, मॅडम," काका हळूच म्हणाले.

मी वळून घराच्या खिडकीशी गेले. पडदा ओढलेला होता. काचेवर टकटक केलं. आतून एक म्हातारा आवाज आला, "आलास का रे?" मग खोकला, बराच वेळ. पडदा सरकला. आत एक म्हातारी उभी होती, केस ओले, गजांना धरून. धाप लागली होती. अंगात धाकटीचा निळा स्वेटर.

"आजी, तुम्ही कोण?"

"सेक्रेटरीची आई मी. तुम्ही कुणाला सांगू नका हं. त्याचा फळा आहे ना गेटवर." ती थांबली, श्वास घेतला. "तो डबा खिडकीतून देऊन जातो. वर लेकरं आहेत, म्हणून आत नाही येत. हे घर कुणाचं आहे हो? फार नीट ठेवलंय. माझ्या हातून त्यांचा एक कप फुटला. तेवढं त्यांना सांगाल?"

मला सगळं कळलं. माझ्या बहिणीला एका डोळ्याने आंधळी करून घराबाहेर काढलं, निर्जंतुक करायच्या नावाखाली तिची किल्ली घेतली, आणि आई आजारी पडल्यावर शून्य पुसायला लागू नये म्हणून त्याच घरात तिला कोंडून ठेवली. कुणी डोकावणार नाही, कुणी विचारणार नाही. स्वतःची आई, आणि खिडकीतून डबा.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हातारीचे ओठ निळसर दिसत होते आणि माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. मी तिला पालथं पडून श्वास घ्यायला सांगितलं. मग रुग्णवाहिकेला फोन लावला आणि मुद्दाम सांगितलं, धाकटीचीच गाडी पाठवा. पोलिसांना फोन केला. आणि गाड्यांच्या जागेत उभं राहून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, तळमजल्याच्या बंद घरात आजारी माणूस कुणी ठेवलंय.

गॅलऱ्या भरल्या. झिरो चपला न घालताच खाली आला. "मॅडम, हळू बोला," म्हणाला. "दोन दिवसांचा प्रश्न होता. तिला साधा खोकला आहे. मी तिचं सगळं बघतोय."

"आत जाऊन बघता की गजातून?"

त्याने पेन खिशातून काढून पुन्हा खिशाला लावलं.

धाकटी गाडीतून उतरली तेव्हा संरक्षक किटमध्ये होती, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल. तिला मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. तिने झिरोपुढे हात पसरला. त्याने किल्ली दिली. कुणाच्या हातात देतोय हे त्याला तोवर कळलं नव्हतं. तिने स्वतःच्या घराचं कुलूप उघडलं, आत गेली, आणि थोड्या वेळाने ड्रायव्हरच्या मदतीने स्ट्रेचर घेऊन बाहेर आली. म्हातारीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. निळा स्वेटर तिने तसाच अंगावर राहू दिला होता.

स्ट्रेचर गेटपाशी आलं. वॉचमन पंप पाठीला लावून सवयीने पुढे आला आणि मग काय करावं ते न सुचून थांबला. वरून कुणीतरी ओरडलं, "सेक्रेटरी, फवारा. रोगी आहे ती."

दुसरा म्हणाला, "आमच्या पाहुण्यांना सोडलं नाही तुम्ही. नियम सगळ्यांना सारखा."

मग तिसरा, मग चौथी. त्यानेच शिकवलेलं वाक्य गॅलरीतून गॅलरीत फिरायला लागलं. खाली आलेल्यांपैकी कुणीतरी पंपाची नळी वॉचमनच्या हातातून काढून झिरोच्या हातात दिली. तो नळी धरून उभा राहिला. वर बघितलं, आईकडे बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हातारी त्याच्याकडे बघत होती आणि तिला काही समजत नव्हतं.

तो माझ्याकडे वळला. हात जोडले, नळी हातात तशीच. "मॅडम, तुमचा आदेश आहे ना. माणसावर मारायचा नाही. तुम्ही सांगा ना यांना."

हेच. हाच क्षण मी भांडी घासताना आणि झोपेत बघत आले होते. गेट तेच, पंप तोच, गॅलऱ्या त्याच. एक वाक्य बोलायचं होतं, माझ्या तोंडात ते तयार होतं. ते मी बोलले नाही. मी म्हटलं, "मी इथली नाही. नियम तुमचा आहे."

वरचा आरडाओरडा वाढला. झिरो रडायला लागला. मी ते डोळे भरून बघितलं. आणखी थोडा वेळ, असं मला वाटत होतं, अजून थोडा रडू दे.

तेवढ्यात धाकटीने स्ट्रेचरचा दांडा वॉचमनला धरायला दिला. चेहऱ्यावरची ढाल काढली, वाकून म्हातारीच्या चेहऱ्यावर नीट बसवली, पट्टा कानामागे अडकवला. मग सरळ उभी राहिली, स्ट्रेचर आणि पंप यांच्या मधोमध. उघड्या चेहऱ्याने, एक डोळा धड आणि एक पांढरट. झिरोने तिला ओळखलं. त्याचा हात खाली आला.

"मारा, काका," ती म्हणाली. "मला सवय आहे."

गॅलऱ्यांतली माणसं मागे सरकली. वरचं एक दार बंद झाल्याचा आवाज आला, मग दुसरं. झिरोच्या हातातून नळी पडली आणि फरशीवर ब्लीचिंगचं पाणी ठिबकत राहिलं. धाकटीने दांडा परत घेतला. गाडीत चढताना म्हातारीने तिला काहीतरी विचारलं. धाकटी म्हणाली, "कपाचं काही नाही, आजी. तो आधीच तडकलेला होता."

बाकीचं माझ्या मनासारखं झालं. इमारत सील झाली. आईच्या संपर्कात आलेला म्हणून झिरोला शाळेत केलेल्या विलगीकरणात नेलं, तिथे वर्गभर माणसांना एक संडास. त्या शाळेचं चेंबर मी स्वतः तपासायचे, कुणाला करू द्यायचे नाही. पोलिसांनी डोळ्याची जुनी तक्रार बाहेर काढली, आता बघणं त्यांना भाग होतं. फळा वॉचमनने उतरवला. म्हातारीचा श्वास सुधारतोय असं कळलं. पण हे सगळं पुढचं; त्या पहिल्याच संध्याकाळी मी घरी आले ती विजयी मुद्रेने, धाकटीला सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकवायच्या तयारीने.

ती अंघोळ करून, केस पुसत बसली होती. मी बोलायला लागले. तिने मध्येच विचारलं, "तू गप्प का राहिलीस?"

"त्याला कळायला नको का?"

"त्याला कळलं. आजींना काय कळायला हवं होतं?"

"मी तुझ्यासाठी केलं ते."

"माझं नाव नको लावूस त्याला, ताई." तिने टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही, ती कधीच चढवत नाही. "मला त्या दिवशीचा फवारा आठवतसुद्धा नाही नीट. त्याचं तोंडही आठवत नाही. वर उभे होते ना, गप्प, ते आठवतात. एकेक जण आठवतो. मला राग त्यांचा येतो. आज तू त्यांच्यात उभी होतीस."

मी पुष्कळ बोलले त्यावर. चढ्या आवाजात बोलले, उपकार काढले, झिरोला शिव्या दिल्या. ती ऐकत राहिली. घर निर्जंतुक झाल्यावर, या वेळी खरोखर आमच्या माणसांनी केल्यावर, तिने बॅग भरली. सोडायला येते म्हटलं तर म्हणाली, "नको, मला रस्ता माहीत आहे." ज्या गेटवर तिचा डोळा गेला त्या गेटमधून ती आपल्या घरात राहायला गेली, आणि माझं घर सोडून गेली. फोन केला तर उचलते, बरी आहेस का विचारलं तर बरी आहे म्हणते. त्यापलीकडे काही नाही.

झिरोला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. तो परत आलाय म्हणे, मान खाली घालून फिरतो. फिरू दे.

त्या गल्लीत आमची पाळी आठवड्यातून एकदा येते. सकाळी झाकणकाका ओळीने झाकणं उघडत जातात आणि शेवटच्याशी थांबतात. देवाच्या तोंडाची गंमत ते तिथे करत नाहीत. "तळमजल्याचं बघू का, मॅडम?" विचारतात.

"बघा," मी म्हणते. मी लांबच उभी राहते, तिने खिडकीतून बघू नये म्हणून.

ते पहारीने झाकण सरकवतात, वाकतात. "पाणी चालू आहे," म्हणतात. "फेस आहे."

मग मी पुढे जाऊन बाटली सोडते.